ढोबळ्यांची काहील

“काहील आणायची ती ढोबळ्यांच्या घरनंच,” आत्याबाई म्हणाल्या. “देवळातली नगं.”

मी उखळात खिरीचे गहू कांडत होते. मुसळ हातातच राहिलं. माझ्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, पण मोराळवाडीत आल्या आल्या मला दोन गोष्टी बजावून झाल्या होत्या. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि ढोबळ्यांच्या दारात पाय ठेवायचा नाही. आबा ढोबळे गावाशी बोलत नसत. लग्नाला नाही, मयताला नाही, जत्रेला नाही. गाव सोडून ते आमच्या माळाच्या रानाला लागून वस्ती करून राहिले होते. त्यांच्या रानात कुणी उतरत नसे आणि ते कुणाच्या बांधाला उभे राहत नसत. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या सुनेला असल्या गोष्टी सांगत नाहीत, नुसत्या पाळायला लावतात.

“देवळातली काहील रिकामीच हाय की, आत्याबाई. मी सकाळी बघितली.”

“तिला कल्हई न्हाई.”

“हाय की! चांगली चकचकीत...”

“फुला,” आत्याबाईंनी सुपातले गहू पाखडायचे थांबवले. “मागच्या दारानं जायचं. आबा बैलं घिऊन वड्याला गेलं असतील तवा. आन् येताना कुठं थांबायचं न्हाई.”

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, गावात सगळे हौसाक्का म्हणत. अंगानं काटकुळी, आवाज बारीक, पण त्यांनी एकदा ‘न्हाई’ म्हटलं की देवळातल्या काहिलीची कल्हईसुद्धा निघून जायची. मी पदर खोचला आणि शेजारच्या यमुनेला हाक मारली.

आमच्या, म्हणजे बाबरांच्या घरी इर्जिक घातली होती. आता पोरं विचारतात, आजी, इर्जिक म्हणजे काय? ट्रॅक्टर बोलावला की तासाभरात रान मोकळं होतं, त्यांना कसं कळावं! माळाचं चिकण रान लोखंडी नांगरानं फोडायचं तर एकेका नांगराला दोन-दोन जोड्या जुंपाव्या लागायच्या. एका घरच्या दावणीला तेवढे बैल कुठले? मग ज्याची नड असेल त्यानं आदल्या सांजेला हलगी लावून गावात हाळी द्यायची, सकाळी झाडून सगळ्या गावानं बैल-नांगर घेऊन त्याच्या रानात उतरायचं आणि ऊन तापायच्या आत सगळं रान पालथं घालायचं. मजुरीचं नाव काढायचं नाही. रानाच्या मालकानं काहीलभर खीर करून गावाला पोटभर जेवू घालायचं, एवढंच.

आणि आमची नड साधी नव्हती. मामंजी कडब्याच्या गंजीवरून पडून पाय मोडून खाटेवर होते. माझे मालक पलटणीत, कुठल्याशा बर्फाच्या मुलखात, आणि रजा मिळत नव्हती. माळाच्या रानाला दोन उन्हाळे नांगर लागला नव्हता. हरळीनं ते असं धरलं होतं की कुळवाची फास वरनंच घसरायची. घराची ज्वारी पिकायची ती त्याच रानात. हा उन्हाळाही तसाच गेला असता तर तिथं पेरायच्या ऐवजी शेळ्या चारायची पाळी होती. त्यामुळं उद्याची इर्जिक म्हणजे आमच्या वर्षाच्या भाकरीचा प्रश्न होता, आणि ती गावजेवणाची खीर माझ्या हातची होणार होती. भीतीही वाटत होती आणि अंगात वारंही शिरलं होतं.

ढोबळ्यांच्या मागच्या दारी गेले तर सरूकाकू, आबांची बायको, दारातच उभी. जणू वाटच बघत होती. पायाशी काहील, गावजेवणाची थोरली कढई. तांब्याची, चिंचेनं घासून अशी लखलखीत केलेली की त्यात माझं तोंड दिसत होतं. आणि ती रिकामी नव्हती. आत कांडून पाखडलेले गहू, वर गुळाची आख्खी ढेप, शेजारी वेलदोड्यांची पुरचुंडी.

“काकू, हे काय?”

“रिकामं भांडं दारातनं देऊ नी, बाय.”

“अवो, म्हणून मूठभर घालत्यात! हे तर सगळ्या गावाला पुरंल.”

“माझा हात सैल हाय,” काकू म्हणाली आणि हसली. त्या बाईला मी हसताना कधी बघितलं नव्हतं. मग एकदम जवळ येऊन हळूच म्हणाली, “पुढं भिवादाजीचीच जोडी हाय न्हवं उद्या?”

“व्हय, त्येच.”

“बरं. जावा आता. ह्यांची यायची येळ झाली.”

मी आणि यमुनेनं ती काहील वाटेत दहा ठिकाणी टेकवत घरी आणली. मी मनात म्हणत होते, आत्याबाई आता बोलणार, परक्याचं एवढं कशाला घेतलंस म्हणून. पण त्यांनी आत डोकावून बघितलं, गहू चिमटीत धरून दाताखाली चावला आणि म्हणाल्या, “झ्याक कांडल्यात. उद्या ह्येच शिजव. आपलं ऱ्हाऊ दे कणगीत.”

“आन् मी कांडलेलं?”

“ऱ्हाऊ दे म्हन्लं न्हवं?”

मी माझ्या तळहातांकडं बघितलं. दोन दिवस मुसळ घालून फोड आले होते ते काय कणगीची शोभा वाढवायला? पण सासूशी वाद घालायची आमच्या वेळी रीत नव्हती. तोंडातल्या तोंडात पुटपुटायची तेवढी होती, ती मी पाळली.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत आम्ही रानात. आत्याबाईंनी चूल मांडायला लावली ती लिंबाच्या झाडाखाली, बांधाला. बांध म्हणायचा आपला. आमच्या आणि ढोबळ्यांच्या रानामधला तो बांध पार झिजून गेला होता. इकडंही हरळी, तिकडंही हरळी. नवख्या माणसाला कुणाचं रान कुठं संपतं ते सांगता आलं नसतं. मला मात्र पक्कं ठाऊक होतं, कारण लिंब आमच्या हद्दीत होता आणि लिंबाच्या उगवतीला ढोबळ्यांचं.

गहू रटरटायला लागले तेवढ्यात हलगी कानावर आली.

आधी नुसती हलगी. मग घुंगरं. मग गाडीवाटेवर धुरळा उठला आणि त्या धुरळ्यातून बैलांची शिंगं वर आली. शिंगं रंगवलेली, कुणाच्या गळ्यात घुंगरांचं चंगाळं, कुणाच्या कपाळावर गोंडा. सगळ्यांच्या पुढं भिवादाजी सरगरांची पांढरी खिलार जोडी, मानेची कमान करून, जणू आपलंच लग्न आहे अशा थाटात चाललेली. मागं जोड्यांमागं जोड्या, खांद्यावर आसूड टाकलेली माणसं, आरडाओरडा, शिट्ट्या. गेनबा हलगीवाला उलटा चालत होता आणि हलगी अशी कडकडवत होता की माझ्या हातातलं ढवळणंसुद्धा त्याच ठेक्यावर फिरायला लागलं. माझं ऊर भरून आलं. मी मनात म्हटलं, एवढं सगळं आपल्यासाठी! माझ्या माहेरच्यांनी हे बघायला पाहिजे होतं.

भिवादाजी लिंबापाशी आले. माझ्याकडं बघून त्यांनी पागोटं सारखं केलं. आणि जोडी उगवतीला वळवली.

मला वाटलं, वळसा घेत असतील. पण नाही. त्यांनी नांगर टेकवला, फाळ हरळीत घुसला, बैलांनी माना खाली घातल्या आणि काळ्या ढेकळांची पहिली ओळ, म्हणजे पहिलं तास, उलटी पडली. ढोबळ्यांच्या रानात! मागचे सगळे त्यांच्याच मागं. पुढचा वळला की मागच्यानं वळायचं, नांगर धरलेला माणूस बांध बघत नाही, पुढच्याची पाठ बघतो.

“दाजी! अवो दाजी! ते आपलं न्हवं!” मी ओरडत सुटले. पदर कुठं, मी कुठं. “अवो, ते ढोबळ्यांचं रान!”

कोण ऐकतो! हलगी कडकडतेय, बैलांना हाकारे चाललेत. एकानं तर मला हात हलवून ‘व्हय व्हय’ केलं, त्याला वाटलं मी खिरीचं सांगतेय. मी ढेकळांतून धडपडत परत फिरले. आत्याबाई चुलीत लाकूड सारत होत्या.

“आत्याबाई, घात झाला! सगळी इर्जिक ढोबळ्यांच्या रानात शिरली!”

“मग?”

“मग काय मग! आपलं रान हिकडं हाय!”

त्यांनी मान वर करून बघितलं. नांगर एकामागं एक चालले होते. “व्हय गं. चुकलं वाटतं,” त्या म्हणाल्या. “खीर खाली लागंल. ढवळ.”

मी ढवळलं. काय करणार? डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ऊन चढलं की बैल सोडणार, बैल सुटले की इर्जिक संपली. आणि आमची हरळी आमच्यासमोर हिरवीगार वाऱ्यावर डुलतेय. ह्या बाईला काहीच कसं वाटत नाही?

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं आबा ढोबळे आले. धावत आले. पन्नाशी उलटलेला माणूस, धोतर वर खोचलेलं, हातात कुदळ. त्या कुदळीनं ते आणि काकू मिळून हरळीशी झुंजत असत हे मी लांबून बघितलं होतं. ते सरळ भिवादाजींच्या जोडीपुढं जाऊन उभे राहिले. बैल थबकले. खिलाराचा श्वास आबांच्या छातीवर आदळत होता, पण ते मागं हटले नाहीत.

गेनबाचा हात थांबला. मग सगळंच थांबलं.

“कुणाला इचारून?” आबा म्हणाले. आवाज चिरकत होता. “माझ्या रानात कुणाला इचारून नांगर घातला?”

“आबा, बांध दिसला न्हाई,” भिवादाजी म्हणाले. “हौसाक्काच्या रानात निगालो हुतो.”

“मग उचला नांगर. व्हा भाईर.”

“तास फिरलंय, आबा. तुमाला ठावं हाय की. पहिलं तास फिरलं म्हंजी रान पुरं झाल्याबिगर इर्जिकीचा नांगर उचलत न्हाईत.”

“मला रीत शिकवतोस?” आबांनी कुदळ जमिनीवर आपटली. “मला? माझ्या इर्जिकीला कुठं गेली हुती तुमची रीत? मीबी हलगी लावून हाळी दिली हुती. घराघरातनं ‘येतो’ म्हन्ला हुता तुमी. सरूनं काहीलभर खीर केली. आमी दोघं वाटंला डोळं लावून बसलो. दिवस मावळंस्तवर बसलो! एक बैल आला न्हाई. एक माणूस आला न्हाई. ती खीर मी वड्यात वतली भिवा, वड्यात! गुरं तरी किती खाणार?”

बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी मधेच वाजली.

“त्या साली इलेक्शन हुतं,” भिवादाजी खाली बघत म्हणाले. “गावात दोन तट पडलं हुतं. आमाला वाटलं तुमी त्यांचं. त्यांला वाटलं तुमी आमचं.”

“मी कुणाचाच न्हवतो.”

“ते मागनं कळलं.”

“मग मागनं का न्हाई आलात?”

भिवादाजी बैलाच्या मानेवरचं जू सारखं करायला लागले. माझ्या मनात आलं, खरंच की. एका माणसाचं चुकलं तर तो दुसऱ्याच्या दारात जाऊन माफी मागतो. सगळ्या गावाचं चुकलं तर कुणी जायचं? प्रत्येकानं शेजाऱ्याकडं बघितलं असणार आणि वर्षं निघून गेली असणार.

“उचला,” आबा म्हणाले. “मला कुणाचं उपकार नगंत.”

तेवढ्यात वस्तीकडून सरूकाकू आली. नवं लुगडं नेसलेली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात कुंकवाचं ताट. ती आबांच्या अंगावरून पुढं गेली, त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खाली वाकून तिनं भिवादाजींच्या जोडीच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. मग दुसऱ्या जोडीकडं गेली. मग तिसऱ्या.

“सरू,” आबा म्हणाले.

“मालकिणीनं बैलं पुजायची असत्यात,” ती पाठ न वळवता म्हणाली. “त्या दिशी ताट तयार करून बसले हुते. पुजायला बैलच आलं न्हाईत. आज आल्यात. माझ्या दारातनं मी त्येंला तसंच जाऊ द्यायची न्हाई. तुमाला आडवं व्हायचं आसंल तर मला आडवं व्हा.”

आबांचा हात कुदळीवर घट्ट झाला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते बायकोवर नाही, आत्याबाईंवर उसळले.

“आन् खीर, वैनी? माझ्या रानात राबून गाव तुमची खीर खानार? मला जल्माचा मिंधा करून ठेवनार?”

आत्याबाई चुलीपाशी उभ्या राहिल्या. हात पदराला पुसले. “भावजी, जरा हिकडं या,” त्या म्हणाल्या. “काहील कुणाची हाय ते तरी बघा.”

आबा आले. दोन पावलांवर थांबले. काहिलीच्या काठावर ठोक्यांनी नाव घातलेलं होतं, आबांच्या वडिलांचं. मी काल घरी आणताना ते बघितलं होतं आणि माझ्या डोक्यात काहीच शिरलं नव्हतं. आबांनी बोट पुढं केलं, काठ तापलेला होता, तरी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“ही तर माळ्यावर पालथी हुती,” ते म्हणाले.

“मी काढली,” काकू मागून म्हणाली.

“गहू?”

“आपलाच. गूळबी आपलाच. फुलानं निस्ता जाळ घातलाय.”

म्हणजे ही खीर आमची नव्हतीच! ढोबळ्यांच्या रानाला लागलेल्या नांगरासाठी ढोबळ्यांच्या काहिलीत ढोबळ्यांचा गहू शिजत होता, आणि तो शिजवणारी मी एकटीच काय ती बावळट, ज्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या लिंबाच्या शेंड्याकडं बघत होत्या.

आबांनी कुदळ लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली आणि माझ्या हातातलं ढवळणं घेतलं.

“सर, पोरी. खाली लागंल,” ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी खीर ढवळायला लागले. ते रडत होते. सगळ्या गावासमोर, तोंड न लपवता रडत होते. भिवादाजींनी गेनबाकडं बघितलं. गेनबानं हलगी चुलीच्या जाळावर धरून जराशी तापवली आणि काय वाजवली म्हणता! रान दणाणून गेलं. बैलांनी माना ताणल्या, माणसांनी हाकारे घातले, आणि जे नांगर आधी चालले होते ते आता पळायला लागले. एकमेकांशी शर्यत, एकमेकांना शिव्या, हसणं. हरळीच्या मुळ्यांची जाळीच्या जाळी उलटी होऊन उन्हात पडत होती. मी आमचं रान विसरून ओरडत होते. यमुनेनं मला चिमटा काढला तेव्हा कळलं, माझा पदर खांद्यावर आहे.

सूर्य डोक्यावर यायच्या आत ढोबळ्यांचं रान काळंभोर झालं. बैल सोडले. पळसाच्या पत्रावळींवर खीर वाढली. आबांनी स्वतः वाढली, आग्रह करकरून, नको म्हणणाऱ्याच्या हातावर वाढली. सगळ्यांत शेवटी ते जेवायला बसले. दोन घास खाल्ल्यावर त्यांचं लक्ष बांधाच्या पलीकडं गेलं आणि त्यांचा हात थांबला.

“वैनी, तुमचं रान?”

“ऱ्हायलं,” आत्याबाई म्हणाल्या. “बघू की. तुमी जेवा.”

घरी येऊन बघते तर मामंजींना सगळी बातमी आमच्या आधी पोचलेली. ते खाटेवर कोपरावर उठून बसले होते.

“माझा पाय मोडलाय,” ते आत्याबाईंना म्हणाले, “तुझं डोस्कं मोडलंय का? आपलं रान टाकून दुसऱ्याचं नांगरून आलीस? आता गाव दुबार येनार हाय व्हय? खायाचं काय औंदा, हरळी?”

आत्याबाई चुलीपुढं बसल्या आणि जाळ नसलेल्या चुलीत लाकडामागं लाकूड सारत राहिल्या. त्यांनाही भीती वाटत होती. माझा राग जरा निवळला.

“तुमी ठरवून केलं,” मी म्हटलं. “तुमी, सरूकाकूनं आन् भिवादाजीनं.”

“आनखी कुणाला ठावं न्हाई. सांगू नगंस.”

“पन मग सरळ आबांचीच इर्जिक घालायची हुती की.”

“कशी घालनार? इर्जिकीला मालकानं बोलवायला लागतंय. त्यो मरस्तवर बोलवायचा न्हाई. आन् बोलवल्याबिगर गावानं कसं जायाचं?” त्यांनी राख पुढं ओढली. “मग चुकूनच जायाचं ऱ्हायलं हुतं. सरू रोज त्या कुदळीनं रान खांदतीया, फुला. बाईमाणसाचं हाड किती दिस पुरंल?”

“आन् आपलं?”

त्यांनी परातीत भाकरीचं पीठ काढलं आणि परात माझ्याकडं सारली.

दिवस कलला तेव्हा गल्लीच्या तोंडाला हलगी वाजली. मी भाकरी थापत होते. आज काही सण नाही, कुणाची वरात नाही, मग हलगी कशाची? हाताला पीठ तसंच घेऊन मी दाराशी गेले.

गेनबा हलगी वाजवत येत होता, आणि त्याच्या पुढं आबा ढोबळे चालत होते. अंगात धुवट सदरा, डोक्याला पागोटं. कित्येक वर्षांनी गावात आलेला माणूस. ते पहिल्या दारापुढं थांबले, घसा खाकरला, आणि ओरडले, “उद्या इर्जिक हाय! बाबरांच्या रानात! यायचं!” आवाजाची सवयच गेली होती, तो मधेच फाटला. तरी ते थांबले. आतून कुणीतरी ‘येतो’ म्हणेपर्यंत थांबले. मग पुढच्या दाराशी गेले. पुन्हा तेच. हीच हाळी त्यांनी एकदा ह्याच दारांपुढं दिली होती, आणि तेव्हाही आतून ‘येतो’च आलं होतं. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी एकही दार त्यांनी सोडलं नाही. सगळ्या गल्लीतल्या बाया दारात आल्या. कुणीतरी म्हणालं, “आवो, बैलं आज दमल्यात.” आबा म्हणाले, “ते खरं हाय,” आणि तिथंच उभे राहिले. शेवटी त्याच माणसानं मान खाली घालून म्हटलं, “येतो, आबा.”

आत मामंजी खाटेवर उठून बसले होते. “कोन वरडतंय? ढोबळ्या? आपल्या रानासाठी?” ते म्हणाले.

“फुला,” आत्याबाई उठल्या. त्यांचा आवाज एकदम तरणा झाला होता. “कणगीतला गहू काढ. कांडलेला.”

मी माझ्या तळहातावरच्या फोडांकडं बघितलं आणि मोठ्यानं हसले. सासऱ्यांसमोर हसले! आमची खीर, आमच्या रानासाठी, आधीच कांडून ठेवलेली. त्या बाईनं एवढी मोठी उडी मारली होती आणि पलीकडं पाय टेकायला मूठभर गहू तेवढे ठेवले होते.

पण इर्जिक ओळीनं दोन दिवस झाल्याचं गावात कुणी ऐकलं नव्हतं. ‘येतो’ म्हणणं वेगळं आणि दमलेले बैल पहाटे दावणीचे सोडणं वेगळं. त्या पहाटे मी लिंबाखाली जाळ घातला, काहिलीत गहू टाकले, आणि माझे कान गाडीवाटेकडं. काही ऐकू येईना. आत्याबाई आणि सरूकाकू शेजारी शेजारी बसून गूळ फोडत होत्या. आबांनी आपली एकुलती म्हातारी जोडी आमच्या बांधाला आणून उभी केली होती. ते स्वतः वाटेकडं पाठ करून उभे होते. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते, फिरवतच होते. तोंड वाटेकडं करायची त्यांची हिंमत होत नव्हती, आणि ती माझीही होत नव्हती, पण मी तरुण होते, मला राहवेना.

उगवतीला तांबडं फुटलं. वाट रिकामी. मी ढवळलं. पुन्हा बघितलं. वाट रिकामी. आबांचा हात बैलाच्या वशिंडावर थांबला.

मग खाली ओढ्यापाशी काहीतरी वाजलं. एक घुंगरू असेल. मग दुसरं. मग हलगी, आणि तिच्यामागं कालच्यासारखाच धुरळा, आणि धुरळ्यातून वर येणारी पांढरी शिंगं. मी ढवळणं टाकून उभी राहिले.

“आबा,” मी कशीबशी म्हणाले. “आबा, मागं बघा की!”

आबांनी मागं बघितलं नाही. घुंगरं जवळ येत होती, बैलांच्या खुरांनी जमीन धडधडत होती, आणि ते तसेच पाठमोरे, बैलाच्या मानेला धरून उभे होते.

“सूनबाई,” ते म्हणाले, “खीर पुरंल का गं सगळ्यांस्नी?”